मजबूत व्हा, हे फक्त आम्हालाच का सांगता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नर्सेसना होणाऱ्या त्रासाबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक वेळा पेशंटच्या नातेवाइकांनी केलेल्या मारहाणीचं असतं. ते यायलाच हवं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आमच्यातल्या आमच्यात जे चालतं, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्जकडून, सीनियर स्टाफकडून, डॉक्टरांकडून आणि कधी कधी तर बरोबरीच्याच मुलींकडून, त्यावर कोणी फारसं लिहीत नाही. मी बरीच वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत काम करतेय आणि हल्ली बघतेय की हॉस्पिटलवाल्यांनी या सगळ्यावर एक सोपा उपाय शोधून काढलाय, त्याचं नाव रेझिलियन्स ट्रेनिंग, म्हणजे त्रासातून सावरून परत उभं राहायला शिकवणं. एक दुपार हॉलमध्ये बसवतात, श्वास आत घ्या, बाहेर सोडा, पॉझिटिव्ह राहा, स्वतःवर प्रेम करा, मग सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. नाईट करून आलेल्या मुली मागच्या रांगेत पेंगत असतात, कारण ट्रेनिंग कम्पल्सरी असतं आणि ड्युटीच्या वेळेत मात्र नसतं. माझा राग या ट्रेनिंगवर नाही, ते ठेवण्यामागे जो विचार आहे त्याच्यावर आहे.

बुलिंग, म्हणजे कामाच्या ठिकाणी एखाद्याला सतत त्रास देणं, म्हटलं की लोकांना आरडाओरडा आठवतो. ओरडणं त्यातल्या त्यात परवडलं, निदान चार लोकांना ऐकू तरी जातं. वॉर्डातला खरा त्रास आवाज न करता दिला जातो. हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती, अर्धाच द्यायचा, सात नंबरच्या पेशंटचा डोस बदललाय हे सांगायचंच नाही आणि मग राउंडला सगळ्यांसमोर विचारायचं की सिस्टर तुम्ही फाईल वाचत नाही का. नव्या मुलीला सगळ्यात क्रिटिकल पेशंट द्यायचे आणि तिने मदत मागितली की "कॉलेजात काय शिकवलं तुला" म्हणायचं. रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युट्यांच्या तक्त्यात, एकीलाच लागोपाठ नाईट लावायच्या, ठरलेला ऑफ आदल्या रात्री फोन करून कॅन्सल करायचा. कधीतरी झालेली एक चूक दर मीटिंगला उकरून काढायची. आजारपणाची रजा मागितली की असं तोंड करायचं की पुढच्या वेळी तिने ताप अंगावर काढूनच ड्युटीवर यावं. आणि ती चेंजिंग रूममध्ये शिरली की सगळ्यांचं बोलणं एकदम बंद. यातलं एकेक सुटं घेतलं तर तक्रार करायलाही लाज वाटते हो, लिहिणार काय, मॅडम माझ्याकडे बघून डोळे फिरवतात म्हणून?

हे मी माझ्या मनाने रचत नाहीये. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ स्टाले आयनारसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सुधारून छापलेली २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, जगभरातल्या कामाच्या ठिकाणी आणि नर्सेसवर तर भरपूर वापरली गेलेली. तिच्यात बुलिंग हा शब्द न वापरता मागच्या सहा महिन्यांत काय काय झालं ते विचारतात. कामाला लागणारी माहिती दडवली गेली का, झेपणार नाही इतकं काम टाकलं का, हक्काची गोष्ट मागू नये म्हणून दबाव आला का, चुकांची पुन्हा पुन्हा आठवण करून दिली का, तुम्हाला वाळीत टाकलं का. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं की कोणीतरी आमच्या ड्युटी रूमच्या दाराआड उभं राहूनच लिहिलीय. त्याच्याही आधी स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात हा विषय अभ्यासाला घेतला आणि १९९० च्या लेखात मोजमाप सांगितलं, आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. हे सांगायचं कारण म्हणजे आमच्याकडे तक्रार गेली की पहिला प्रश्न येतो, "अगं पण एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" गोष्ट एवढीशीच असते, ती रोज असते हा प्रॉब्लेम आहे.

आता हे नर्सिंगमध्येच इतकं का, यावर आमच्या व्यवसायातल्या लोकांनीच विचार केलेला आहे. सुझन जो रॉबर्ट्स यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की ज्या गटाला वरून सतत दाबलं जातं तो गट वर बोलू शकत नाही, मग तो राग आपसात काढतो, आणि नर्सिंगमध्ये तेच होतंय. मग १९८६ मध्ये ज्युडिथ माइस्नर यांनी आपणच आपल्या नव्या मुलींना खातोय का असा सरळ प्रश्न विचारला. खूप गाजलं ते. मला मात्र हे अर्धंच पटतं. कारण असं म्हटलं की सगळं बायकाबायकांच्या भांडणावर जातं, आणि मॅनेजमेंटला तर ते ऐकायला आवडतंच, "तुमचं तुम्ही मिटवा" म्हणून मोकळे. अहो, नर्सिंगमध्ये जगभरात दहातल्या नऊ बायका आहेत, त्यामुळे त्रास देणारी पण बाईच दिसणार ना. मी पुरुष इन्चार्जच्या हाताखालीही काम केलंय, रोस्टर तिथेही हत्यारच होतं.

माझ्या मते मुळाशी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे माणसं कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अहवालात जगभरातल्या नर्सेसची संख्या साधारण २ कोटी ७९ लाख आणि कमतरता ५९ लाखांची सांगितली होती. ही कमतरता कागदावर आकडा असतो, वॉर्डात ती म्हणजे दोघींचं काम एकीने करणं. तिथे नवी मुलगी हळू काम करते, विचारत बसते, चुकते, तर सीनियरला ती शिकणारी मुलगी दिसत नाही, आपल्या डोक्यावरचं जास्तीचं ओझं दिसतं. दुसरी गोष्ट, इन्चार्जच्या हातात रोस्टर, सुट्टी, पोस्टिंग, अप्रेझल सगळं एकवटलेलं असतं आणि वर विचारणारं कोणी नसतं. त्यात ती इन्चार्ज स्वतःही वरून चेपलेली, बेड भरलेले दाखवायचेत, सामान कमी, इन्फेक्शनचा रिपोर्ट तिने द्यायचा, स्टाफ मागितला की "आहेत त्यात भागवा". अशी चांगली भली बाई दोन-तीन वर्षांत कशी बदलते ते मी बघितलंय. तिची बाजू घेत नाहीये, पण तिला एकटीला राक्षस ठरवून तिची बदली करून प्रश्न सुटत नाही, कारण त्या खुर्चीत बसलेली पुढचीही तेच करायला लागते.

तर या सगळ्यावर उतारा म्हणून रेझिलियन्स. म्हणजे संकटातून सावरून परत उभं राहायची ताकद, आपल्या भाषेत चिवटपणा म्हणा. ही गोष्ट खरी आहे, मी ती नाकारत नाही. दोघींना सारखाच त्रास झाला तरी एक कोलमडते आणि एक टिकते हे आम्ही रोज बघतो. त्याचं मोजमापही आहे, कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ ची २५ वाक्यांची फुटपट्टी, शंभरपैकी मार्क मिळतात. नर्सेसवर ती लावून बरेच अभ्यास झाले आणि त्यात साधारण असं दिसतं की त्रास जास्त तिथे संस्थेशी बांधिलकी कमी, आणि जिच्यात चिवटपणा जास्त तिची बांधिलकी जरा कमी घसरते. हॉस्पिटलने यातून काय अर्थ काढला तर चला, सगळ्यांचा चिवटपणा वाढवू! म्हणजे त्रास आहे तिथेच राहू दे, सोसणारीची कातडी जाड करा.

इथे मला दोन शंका आहेत आणि त्या कोणत्याही ट्रेनिंगवाल्या सरांनी मला नीट समजावलेल्या नाहीत. एक म्हणजे असे बहुतेक अभ्यास एकाच वेळी फॉर्म भरून घेऊन केलेले असतात. आज जिचे मार्क कमी आले ती मुळात कमजोर म्हणून तिला त्रास जास्त झाला, की वर्षभर त्रास सोसून सोसून तिचे मार्क कमी झाले? फॉर्मवरून ते कळत नाही. मी म्हणेन दुसरं, कारण कॉलेजमधून हसत खेळत आलेल्या धीट मुली सहा महिन्यांत इंजेक्शन भरताना हात थरथरावेत अशा झालेल्या मी पाहिल्या आहेत. आणि दुसरी शंका त्याहून मोठी. फॉर्म भरतं कोण? जी अजून नोकरीवर आहे ती. ज्या सोडून गेल्या, ज्यांनी नर्सिंगच सोडून दिलं, त्या या आकड्यांत नाहीतच. राहिलेल्यांना विचारून आम्ही म्हणतो की बघा, आपला स्टाफ किती रेझिलियंट आहे.

आणि मुळात चिवटपणा येतो कुठून? एमी वर्नर नावाच्या बाईंनी हवाईच्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या सगळ्या मुलांचा, ६९८ मुलं, कित्येक दशकं माग ठेवला. त्यातली बरीच मुलं गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरात वाढलेली, पण त्यातलीही साधारण एक तृतीयांश चांगली निघाली. ती नुसती स्वभावाने कणखर होती असं नाही, त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं, आजी, शेजारी, मास्तर, कोणीही. वॉर्डातही अगदी तसंच आहे. जी नवी मुलगी टिकते तिच्या पाठीशी बहुतेक वेळा एखादी सीनियर असते, जी रात्री तीन वाजता म्हणते "थांब, मी येते, आपण दोघी मिळून लावू लाईन." तो चिवटपणा त्या मुलीच्या एकटीच्या डोक्यात कुठून येणार, तो त्या दोघींच्या मधला आहे. आणि रोस्टर असं बनवतात की त्या दोघी कधी एका शिफ्टला येणारच नाहीत. मग कसला रेझिलियन्स अन् कसलं काय.

बांधिलकीचंही तसंच. एचआरवाले खुश असतात की आमच्याकडे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण कमी आहे. मेयर आणि ॲलन या दोघांनी १९९१ मध्ये फार सुंदर फोड करून ठेवली आहे, माणूस एखाद्या संस्थेत तीन कारणांनी राहतो. मनापासून राहावंसं वाटतं म्हणून, राहायला पाहिजे असं कर्तव्य वाटतं म्हणून, आणि सोडणं परवडत नाही म्हणून. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, तिघीही आठ वाजता पंच करून हजर. पण बुलिंग सगळ्यात आधी खातं ते पहिलं कारण. मग उरतं काय, बॉण्ड आहे, लोन आहे, मुलांची शाळा जवळ आहे, एक्सपिरियन्स सर्टिफिकेट अडकवतील ही भीती आहे. हिला हॉस्पिटल निष्ठावान स्टाफ म्हणतं! ती येते, सांगितलेलं करते, वेळेवर निघते, आणि तिच्यातली ती स्वतःहून चार गोष्टी बघणारी नर्स कधीच निघून गेलेली असते. सलाईन संपत आलंय हे तिला दिसतं, पण तो तिचा बेड नसतो.

एक मात्र बघितलंय, आणि हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. एवढं होऊनही पेशंटवरची माया जात नाही. हॉस्पिटलला दिवसभर शिव्या घालणारी मुलगी घरी जाताना परत आत येऊन आजींची ड्रेनेजची नळी बघून जाते. कामाशी बांधिलकी वेगळी आणि संस्थेशी वेगळी. मॅनेजमेंट या पहिलीच्या जिवावर वर्षानुवर्षं चालतं आणि श्रेय दुसरीला देतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना वाटत असेल की हा नर्सेसचा आपसातला मामला आहे, त्यांनी एक लक्षात घ्यावं. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सच्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी. निघालं उलटं, जिथे वातावरण चांगलं तिथे नोंदवलेल्या चुका जास्त! मग कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. म्हणजे ज्या वॉर्डचं इन्सिडंट रजिस्टर, म्हणजे चुकांची नोंदवही, कोरं करकरीत असतं त्या वॉर्डात ॲडमिट होण्याआधी मी तरी दहादा विचार करीन. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही पण रात्री दोन वाजता फोन केला तर ते कसे अंगावर येतात हे माहितीये, मग अंदाजाने डोस देणारी नर्स तयार होते. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्ये यावर खास इशारा काढला होता की धाकदपटशाच्या वागण्याने चुका होतात आणि चांगली माणसं नोकरी सोडतात, आणि २००९ पासून हॉस्पिटलांना वागणुकीची लिखित नियमावली बंधनकारक केली. त्यांनी तो विषय पेशंटच्या सुरक्षेचा म्हणून घेतला, नर्सेसच्या रुसव्याफुगव्यांचा म्हणून नाही.

मग करायचं काय. ट्रेनिंग अजिबातच नको असं नाही, पण कसलं ते बघा. मार्था ग्रिफिन यांनी २००४ मध्ये छापलेला एक छोटा प्रयोग आहे, फक्त २६ नव्या नर्सेसवर केलेला, त्यामुळे फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. त्यांनी मुलींना आधी सांगितलं की असा असा त्रास होतो आणि मग लॅमिनेट केलेली छोटी कार्डं दिली, कोणी डोळे फिरवले तर काय बोलायचं, कोणी माहिती दडवली तर काय बोलायचं, आणि ती वाक्यं म्हणायची प्रॅक्टिस करून घेतली. म्हणजे "मला वाटतं तुम्हाला काही सांगायचंय, मला थेट सांगा" अशा पद्धतीची साधी वाक्यं. पुढे त्या मुलींनी ती खरोखर वापरली आणि समोरचा बऱ्याचदा थांबला. मला हे आवडलं कारण यात श्वास सोडायला सांगत नाहीत, बोलायला शिकवतात. पण हेही इन्चार्जच त्रास देत असेल तर चालत नाही. प्रोबेशनवरची मुलगी मॅडमसमोर कार्ड काढणार आहे का?

म्हणून तक्रारीची वाट इन्चार्ज आणि मेट्रनच्या टेबलावरून जाता कामा नये. आज ती बहुतेक ठिकाणी तिथूनच जाते, म्हणजे जिच्याबद्दल तक्रार तिच्याच सहीने अर्ज पुढे जायचा. नर्सिंग डिपार्टमेंटच्या बाहेरचं कोणीतरी ऐकणारं पाहिजे, आणि तक्रार केल्यावर पुढचे काही महिने त्या मुलीच्या ड्युट्या कशा लागल्या ते त्याने तपासलं पाहिजे, कारण सूड रोस्टरमधूनच उगवतात आणि रोस्टर हा लिखित पुरावा असतो, कोणी बघतच नाही तो. सहा महिन्यांची रोस्टरं शेजारी शेजारी ठेवली तर नाईट, सणावाराच्या ड्युट्या आणि कॅन्सल झालेले ऑफ कोणाच्या वाट्याला किती आले ते शाळेतलं पोरसुद्धा मोजून सांगेल. हँडओव्हर तोंडी न ठेवता ठरलेल्या फॉरमॅटमध्ये, पेशंटच्या बेडजवळ उभं राहून द्यायचा नियम केला तर माहिती दडवायला जागाच राहत नाही. याला काही मोठा खर्च नाही. नव्या मुलीबरोबर पहिले काही महिने एकच ठरलेली सीनियर शिफ्टला ठेवायला मात्र खर्च आहे, कारण त्या सीनियरचे पेशंट कमी करावे लागतील, आणि म्हणूनच ते कोणी करत नाही, हॉलमध्ये बसवून श्वास घ्यायला लावणं स्वस्त पडतं.

कायद्याचंही बोलायला हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यावर १९० नंबरचा करार मंजूर केला, जून २०२१ पासून तो लागू झाला, आणि त्यात शारीरिक मारहाणीबरोबर मानसिक त्रासही धरलाय, एकदाच झाला असला तरी. दक्षिण कोरियात नव्या नर्सेसच्या छळावरून मोठा गदारोळ झाला होता, तिथे जुलै २०१९ पासून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायद्यात तरतूद आहे. कायद्याने माणसं एका रात्रीत सुधारत नाहीत हे मलाही कळतं, पण निदान "हे असंच असतं, आम्हीपण सोसलंय" हे वाक्य मेमोच्या उत्तरात लिहिता येत नाही.

ते वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. आम्हीपण सोसलंय. सोसलं हे खरंच आहे, पण तुमच्या वेळी एका वॉर्डात किती पेशंट होते, किती मशीन होत्या, किती कागद भरायचे होते?

तुमच्या पेपरला एकच विनंती. हॉस्पिटलच्या बातम्या करताना, नर्सेस डेच्या पुरवणीसाठी मॅनेजमेंटकडून आकडे घेताना, किती नर्सेसनी नोकरी सोडली एवढंच विचारू नका. पहिल्या वर्षात किती जणींनी सोडली, कोणत्या वॉर्डातून सोडली आणि सोडताना त्यांना कोणी विचारलं, तेवढं विचारा. एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर सगळ्याच जणी "घरगुती कारण" लिहितात, कारण रिलीव्हिंग लेटर अजून हातात पडायचं असतं. तीन-चार महिन्यांनी बाहेरच्या माणसाने फोन करून विचारावं, मग बघा काय काय निघतं ते.

आपली,
एक स्टाफ नर्स

(पत्राखाली नाव छापू नका प्लीज, माझं अप्रेझल अजून व्हायचंय.)